दारासाठी घेतलेलं मशीन

"घर पक्कं न्हाई," आप्पा म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

दसरा तोंडावर आला होता. मुकादम घरी येऊन चहा पिऊन गेला होता. दिवाळी झाली की ट्रक येणार आणि आमची अर्धी वस्ती घरांना कुलपं लावून ऊसतोडीला जाणार, हे दरवर्षीचंच. आप्पा आणि माय मिळून एक कोयता. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी अशीच मोजतात. आजवर ते दोघं गेले की मी आजीजवळ राहायचे, त्यामुळे माझी शाळा कधी बुडाली नाही. आजी उन्हाळ्यात गेली. मी त्यानंतर केजच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून अशा वेळी काय करतात हे सांगणारंही कुणी नव्हतं. वसतिगृहात नंबर लागला नव्हता. आता एक तर आई-वडिलांबरोबर फडात जायचं आणि वर्ष सोडायचं, नाहीतर वडवणीकडून आलेल्या स्थळाला हो म्हणायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न असंच एका दसऱ्याआधी घाईनं उरकलं होतं. आता ती आणि दाजी मिळून दुसरा कोयता आहेत.

मला यातलं काहीच नको होतं. मला घरी एकटीनं राहायचं होतं, एसटीनं जाऊन-येऊन कॉलेज करायचं होतं. चुलते-चुलती भिंतीला भिंत लावून राहतात, त्यांची थोडी बागायत आहे म्हणून ते उसाला जात नाहीत. म्हणजे शेजार घरचाच होता. मी हे कसंबसं बोलून दाखवलं, तेव्हा आप्पा ते वाक्य म्हणाले.

मी ते वाक्य जसंच्या तसं धरलं. घर पक्कं नाही, म्हणजे पक्कं केलं की प्रश्न मिटला, असं मला वाटलं. आज वाटतं, माणूस खरं कारण सांगायला लाजतो तेव्हा दाराकडे, पत्र्याकडे, पावसाकडे बोट दाखवतो. तेव्हा मला हे कळलं नाही. मी दाराकडे बघितलं.

दार खरोखरच वाईट होतं. घरकुलाचं घर, दीड खोली, आणि आत-बाहेर करायला हे एकच दार. आप्पांनी ते कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतून आणलेलं. कडीचे स्क्रू मोठ्या झालेल्या भोकांत नुसते अडकवून ठेवल्यासारखे होते. जोरात ढकललं असतं तर कडी कोयंड्यासकट हातात आली असती. चौकटही भिंतीपासून सुटली होती. त्या फटीत माझं बोट जायचं.

"सुताराला बोलवू का?" मी मायला विचारलं.

"नगं. त्यो उद्या पारावर बसून सांगंल, पोरगी एकटी ऱ्हाणार हाय म्हणून कड्या बसवायलेत."

ते खरं होतं. केजमध्ये ड्रिल मशीन भाड्यानं मिळतं, पण ते वायरीचं. आमच्या घरात बोर्ड एक, तोही आतल्या कोपऱ्यात, आणि दिवसा लाईट कधी असेल याचा भरवसा नाही. शिवाय माझ्या डोक्यात वेगळंच होतं. एकदा बसवलेले स्क्रू मध्येच पुन्हा ढिले झाले तर मी कुणाला हाक मारणार? मशीन स्वतःचं हवं, बॅटरीवरचं हवं, आणि माझ्या हाताला पेलेल एवढं हवं. माझी शिष्यवृत्ती नुकतीच जमा झाली होती. माय म्हणाली, त्यातून घे. आप्पांना तिनं सांगितलं नाही.

मग मी मोबाइलवर बघत सुटले. बघून बघून डोकं भणभणलं. मोठी मशीनं होती, त्यांची ताकद भरपूर, पण वजनही तसंच. पेनापेक्षा जरा जाड अशी छोटीही होती, ती फक्त स्क्रू पिळणार, भिंतीला भोक पाडणार नाहीत. मधली होती बारा व्होल्टची. त्यातल्या काहींना ठोक्याची सोय होती, म्हणजे फिरता फिरता मशीन आतून हातोडीसारखं ठोकतं. विटेला तेवढं लागतंच. लाकडाला मात्र ठोका बंद ठेवायचा. हे मी एवढं पाठ केलं की परीक्षेत आलं असतं तर मार्क पडले असते. पण त्या व्हिडिओंतली माणसं भिंतीवर फोटो लावत होती, पडद्याची दांडी बसवत होती. बाहेरून कुणी खांद्यानं ढकललं तर स्क्रू किती धरेल, हे कुणीच सांगत नव्हतं.

मी आणि माय जीपनं केजला गेलो. दुकानदारानं मायच्या चपलांपासून वर बघायला सुरुवात केली.

"काय पायजे?"

"बॅटरीवरचं ड्रिल. छोटं. पण ठोक्याचं," मी म्हणाले. इतकं हळू, की मला ते परत म्हणावं लागलं.

"मिस्त्री कुटं हाय?"

"घरीच वापरायचंय."

"ताई, ह्ये काय मिक्सर न्हाई, बटण दाबलं की झालं. वडलांना पाठवून द्या."

माय माझ्या मागे उभी होती, ती पुढे आली. "मिक्सर आसता तर म्याच तुमाला शिकवला आसता. काढा भायेर, बघू द्या पोरीला."

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. दुकानदारानं तोंड वाकडं करून तीन मशीनं काचेवर ठेवली. मोठं मी हात लांब करून धरलं, तर मनगट खालीच गेलं. आम्हाला चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात उंच करून भोक पाडायचं होतं. सगळ्यात छोटं मी उचललंसुद्धा नाही. मधलं घेतलं. उलटं फिरतं का, ठोका चालू-बंद कुठून होतो, पुढच्या कड्यावरचे आकडे फिरवून जोर कमी करता येतो का, दुसरी बॅटरी आहे का, असं एकेक भीत भीत विचारलं. उत्तरं देताना तो हळूहळू मायऐवजी माझ्याकडे बघायला लागला.

मायनं मोठं आणि मधलं अशी दोन्ही मशीनं आळीपाळीनं हातात घेऊन कोयता तोलतात तशी तोलली.

"ह्येची मूठ बारीक हाय, तुज्या हातात बसंल. त्ये दुसरं लई फुडं झुकतंय. दुपारपतूर हात मोडून जाईल."

मी फडात गेले असते तर तिनं माझा कोयताही असाच निवडला असता, हे तेव्हा माझ्या मनात आलं.

आम्ही मधलंच घेतलं. त्याच्याबरोबर लाकडाला आणि भिंतीला भोक पाडायचे वेगवेगळे बिट, लांब स्क्रू, भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि दाराला आतून लावायचा एक जाड बोल्ट. परत येताना माय पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. जीपमधल्या बाईनं विचारलं, "काय घेतलंस गं बाजारात?" माय म्हणाली, "भांडं."

काम मी रविवारी काढलं. आधी चौकट. ठोका चालू केला तसं मशीन हातात थरथरलं, विटेची लाल भुकटी डोळ्यांत, केसांत गेली. गिट्ट्या ठोकल्या, लांब स्क्रू पिळले. चौकट भिंतीला चिकटताना करकरली. मग ठोका बंद करून दार घेतलं. जुनी भोकं सोडून बाजूला आधी बारीक बिटानं भोक पाडलं, म्हणजे लाकूड चिरत नाही. कड्यावरचा आकडा खाली आणून सावकाश स्क्रू बसवले. बिजागऱ्या लांब पट्टीच्या, दाराच्या आतल्या अंगाला. त्यांचे स्क्रू गंजून गेले होते, तेही बदलून टाकले.

आप्पा बराच वेळ नुसते बघत होते. मग उठले आणि दार धरून उभे राहिले, मला नीट काम करता यावं म्हणून. सगळं झाल्यावर बाहेर गेले. "लाव आतून," म्हणाले. मी बोल्ट लावला. त्यांनी बाहेरून खांदा दिला, मग पुन्हा दिला. दार हललं नाही.

"उघड," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. ते मला ऐकू आलं, ते काही मी कल्पनेनं लावलेलं नाही.

आवाज ऐकून चुलते आले. त्यांनी बोल्ट वर-खाली करून बघितला. "लई भारी काम केलंस की गं. गावातल्या पोरांला ह्ये जमायचं न्हाई." घरी गेले आणि एक अल्ड्राप घेऊन आले. अल्ड्राप म्हणजे दाराला बाहेरून लावायची आडवी, जाड कडी, तिच्यात कुलूप अडकतं. "आतून झालं, भायेरून काय? ह्ये बी बसव."

मला ते पटलं. मी कॉलेजला गेल्यावर दिवसभर घर बंद राहणार, त्याला कुलूप नको? मी ती कडी सगळ्यात जास्त काळजीनं बसवली. एव्हाना हात बसला होता. चुलत्यांनी ती ओढून बघितली, आप्पांकडे बघितलं, आणि आप्पांनी मान हलवली.

"ठीक हाय," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे मग हिला."

मला वाटलं, दारानं काम केलं.

दिवाळीनंतर ट्रक आला. भांडी, अंथरुणं, कोंबड्यांची पाटी, सगळं चढलं. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. वस्तीतल्या घरांना एकामागून एक कुलपं लागत गेली.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. बाहेर लोखंड सरकल्याचा आवाज झाला. मीच बसवलेली कडी, तिचा आवाज मला ओळखता येत होता.

"काकू?"

"मीच हाय गं. कुलूप लावते."

"कावून? मी आतून बोल्ट लावते की."

"आतून लावला म्हंजी आत कुणीतरी हाय हे दिसतंय. भायेरून कुलूप दिसलं की लोकं म्हणत्यात, हे बी गेले उसाला. तुज्या बापानंच सांगितलंय तसं. सकाळी काढते. अन् खिडकीला पोतं लाव, उजेड दिसंल."

तिच्या दृष्टीनं ती मला लपवत होती. अर्धी वस्ती कुलूपबंद असताना आणखी एका कुलपाकडे कोण बघणार? चोरही बघणार नाही, टवाळ पोरंही बघणार नाहीत. हे शहाणपणाचं आहे हे मला मान्य करावं लागलं. पण भाकरी तव्यावर करपली तरी मी दाराकडेच बघत होते.

फोनवर आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तूच म्हणालीस ना ऱ्हाते म्हणून? मग ऱ्हा की." मग मायनं फोन घेतला.

"जेवलीस का?"

"माय, तुला ठावं व्हतं?"

"हितं थंडी लई हाय," ती म्हणाली.

तसे दिवस जायला लागले. संडास अंगणात आहे, म्हणून संध्याकाळी पाणी प्यायचं मी बंद केलं. पोत्याआड बल्ब लावून अभ्यास करायचे. मोठ्यानं वाचायची सवय होती, ती मोडली. शेवटचा तास बुडवून मी स्टँडकडे पळायचे, कारण चुलतीला रानातून आल्यावर माझी वाट बघायला लागलेली आवडत नाही. "रोज कुठं पळतेस गं?" सरांनी एकदा विचारलं. "एसटी असते सर," मी म्हणाले. बोल्ट मी आतून रोज लावायचे. बाहेर कुलूप असताना आतून बोल्ट लावण्यात काही अर्थ नव्हता, तरी लावायचे.

माझी रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती, त्या दिवशी चतुर्थी आली. चुलते-चुलती पहाटेच लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला निघून गेले, कुलूप तसंच राहिलं. किल्ली चुलतीच्या कमरेच्या पिशवीत असते. मी आवरून, वही घेऊन दाराशी उभी. उजाडलं, ऊन आलं. फोन लावला तर भिंतीपलीकडे त्यांच्याच घरात वाजला. वाजत राहिला.

मी खिडकीच्या गजांवरचं पोतं बाजूला केलं. एक बाई घागर घेऊन चालली होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली असती तर मी आत आहे हे वस्तीला कळलं असतं. मला लपवलेलं होतं, आणि लपवून ठेवायचं काम मीही शिकले होते. बाई निघून गेली.

मग मी मशीन काढलं. बॅटरी भरलेली होती, मी ती नेहमी भरून ठेवायचे. उलट्या दिशेची कळ सरकवली. बिजागऱ्यांचे स्क्रू मीच बदललेले, गंज नाही, गुळगुळीत बाहेर आले. दार त्या बाजूनं सुटलं आणि आत कललं. मी फटीतून आडवी होऊन बाहेर पडले, दार ओढून जागेवर उभं केलं. बाहेरून बघितलं तर कुलूप जसंच्या तसं होतं. जीप मिळाली. मी वेळेत पोहोचले. प्रॅक्टिकल चांगलं झालं.

संध्याकाळी परतले तर चुलते-चुलती आमच्या ओट्यावर बसले होते. दार पडलेलं कुणीतरी बघितलं होतं. घर फोडलं म्हणून बाया गोळा झाल्या होत्या, आणि मग सगळ्यांना सगळं कळलं होतं. स्क्रू चुलत्यांनी हातानं परत बसवले होते.

"फोन करायचा व्हता," चुलते म्हणाले.

"केलता. तुमच्या घरात वाजला."

"मंग वरडायचं व्हतं."

"वरडले आसते तर कळलं आसतं ना, मी आत हाय म्हणून."

"आता काय ऱ्हायलं कळायचं?" चुलती म्हणाली. "बाया म्हणतात, पोरगी दार उचकटून गेली. कुणाकडं गेली, ह्ये बी इचारायल्या."

"परीक्षेला गेलते काकू."

"मला ठावं हाय गं. त्यान्ला कोण सांगंल?"

त्यांनी आप्पांना आधीच फोन केला होता. माझ्याशी आप्पा थोडंच बोलले. "काका म्हणतील तसं कर. न्हाईतर मी येतो अन् हिकडं घेऊन जातो." मागे उसाचा पाला मोडल्याचा आवाज येत होता. प्रॅक्टिकल कसं गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्यांना कदाचित माहीतही नसेल.

चुलत्यांनी हात पुढे केला. "मशीन दे. त्येचं चार्जर बी. मंग ऱ्हा, शीक, काय करायचं त्ये कर."

मी आत गेले. डबा उचलला. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचार केला. फार वेळ लागला नाही. लेखी परीक्षा राहिली होती, वडवणीचं स्थळ अजून थांबलेलं होतं. मी डबा त्यांच्या हातात दिला.

"लाकडाला ठोका बंद ठेवायचा," मी म्हणाले. "ह्ये कडं फिरवलं की बंद हुतो. भिंतीलाच चालू करायचा."

"मला नगं शिकवू," ते म्हणाले.

आता वस्तीला ठाऊक आहे की मी आत असते. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी कुलूप रोज लागतं. ते आता कशासाठी, हे मी विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर मला ते ऐकावं लागलं असतं. खिडकीचं पोतं मात्र मी काढून टाकलं.

आज दिवेलागणीपासून भिंतीपलीकडे मशीनचा आवाज येतोय. फळी बसवत असावेत. खडखड, खडखड असा आवाज आहे, म्हणजे लाकडावर ठोका चालू राहिलाय. असं केलं की फळी चिरते आणि बिटही खराब होतो. मी थोडा वेळ दुर्लक्ष करून वाचत राहिले. मग राहवलं नाही, भिंतीवर हात मारून ओरडले, "काका, कडं फिरवा!"

पलीकडे मशीन थांबलं. चुलतीचा आवाज आला, "अभ्यास कर."

आणि ते पुन्हा तसंच खडखडायला लागलं.